वारस नोंद

"बाप गेल्यावर पंधरा दिवसात वारस नोंद टाकली आम्ही. उशीर नाई केला," थोरला सांगत होता.

अंजनगाव सुर्जीच्या शिवारात त्याचा पानपिंपरीचा मळा आहे. पांगारा-शेवरीच्या आधारानं चढलेल्या वेली, पायाखाली कायम ओल. बांधावर ऊन रखरखत असलं तरी आत शिरलं की गारवा लागतो. या वेलीची फळं बोटाच्या पेराएवढी. ती वाळवली की पिंपळी म्हणून आयुर्वेदाच्या बाजारात जातात. म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या पिकतंय ते औषधच.

मळ्यातल्या खाटेवर बसून त्यानं मला सातबारा दाखवला. बापाच्या नावाला कंस, खाली वारस: आई, थोरला, बहीण, धाकटा. बहीण अकोटला दिली आहे. तिनं पुढं हक्कसोडपत्र करून दिलं, तेही फेरफारात आलं. कागदोपत्री घर चोख.

संपादकांनी यंदाच्या अंकाला 'वारसा' हा विषय दिला तेव्हा लेखकमंडळी वाडे, पोथ्या आणि पैठण्यांकडं वळणार हे दिसत होतं. मी या घरी आलो, कारण इथल्या वारशाची एक नोंद राहून गेली होती. बापाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. निदान झालं तेव्हा वय ५८. त्याला आता नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाला तोच आजार निघाला. थोरला ४३ चा, बहीण ४० ची, धाकटा ३६ चा. तिघांपैकी एकानंही तपासणी केलेली नव्हती.

"का नाही केली?" मी विचारलं.

"मले काई झालंच नाई, त तपासू कायले?"

फाईल काखेत

काका मळ्याशेजारच्याच घरात राहतात. पोटावर डाव्या बाजूला पिशवी आहे, सदऱ्याखाली दिसत नाही. चहा स्वतः आणून दिला आणि समोर बसले.

"दादा बिमार पडला तवा मी सत्तेचाळीसचा होतो. साल-दीड साल त्याच्या मांगं फिरलो. फाईल माह्या काखेत. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागते, सारं पाठ. रगत मी देल्लं, औषधं मी आणली. पण तुह्यं पोट कसं आहे, असं मले कोणी नाई इचारलं. मीबी नाई इचारलं."

सात वर्षांनी त्यांना संडासातून रक्त जायला लागलं. त्यांनी ते मूळव्याधीवर ढकललं. आठ महिने गेले. दुर्बीण घातली तेव्हा गाठ गुदाशयाबाहेरच्या ग्रंथींपर्यंत पोचली होती.

दवाखान्याचं नाव मी इथं देत नाही. ते महत्त्वाचंही नाही, कारण हे कुठंही घडतं. ओपीडीत एका डॉक्टरसमोर शंभर माणसं असतात. तो समोरच्या पोटाकडं पाहणार, खुर्चीमागं उभ्या असलेल्या माणसाकडं नाही. वैद्यकाच्या पुस्तकात मात्र त्या उभ्या माणसासाठी सरळ नियम आहे. आई-बाप, सख्खा भाऊ-बहीण किंवा मूल यांपैकी एकाला हा कॅन्सर झाला असेल, तर तुमची जोखीम इतरांच्या साधारण दुप्पट. नातेवाइकाला तो पन्नाशीच्या आत झाला असेल किंवा असे दोन नातेवाईक असतील, तर आणखी जास्त. म्हणून अशा माणसानं वयाच्या चाळिशीत, किंवा नातेवाइकाचं ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी करावी. निदान साठीच्या आत झालं असेल तर दर पाच वर्षांनी पुन्हा.

काकांची चाळिशी तेव्हाच उलटली होती. दादाची फाईल घेऊन ते ज्या बाकावर बसत, तिथून दुर्बिणीची खोली दिसायची.

मोडाची पाटी

वऱ्हाडात 'कॅन्सर' म्हटलं की माणूस आधी गालाला हात लावतो. खर्रा आणि तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर घरोघर माहीत करून दिलाय. पोटातलं काही बिघडलं की दोष जातो पाण्याला. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी मचूळ, किडनीच्या आजारानं गेलेली माणसं प्रत्येक गावात. आतड्याच्या कॅन्सरला या यादीत जागाच नाही.

शिवाय त्याची पहिली खूण दुसऱ्याच आजाराच्या नावावर खपून जाते. कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडवर उतरा, 'मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशी पाटी दिसतेच. मूळव्याध खरीच असते पुष्कळांना. पण रक्त मोडाचं की गाठीचं, हे पाटी पाहून कळत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरच्या हातमोज्यातल्या बोटालाही लागू शकते. अंजनगावात वीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांनी कबूल केलं, "बोट घालून तपासतो म्हटलं की पेशंट उठून उभा राहतो. पुढच्या वेळी तो येतच नाही. मग आपणही मलम लिहून देतो."

आपल्याकडं हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी, हे खरं. पण होतो तेव्हा तो तरुण वयात गाठतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१७ साली ८०० रुग्णांचा आढावा छापला, त्यात रुग्णांचं सरासरी वय ४७ च्या घरात होतं. ज्या वयात माणूस लेकीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज यांत बुडालेला असतो, ते हे वय.

दहा वर्षांची मुदत

या कॅन्सरची एक गोष्ट माणसाच्या बाजूची आहे. तो मुदत देतो. आतड्याच्या अस्तरावर आधी बारीक अंकुर येतो. त्याला पॉलिप म्हणतात. देठावरच्या अळंबीसारखा, कधी चपटा. बहुतेक अंकुर आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. काही वाढतात, आणि अंकुराचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. एवढ्या काळात कधीही दुर्बीण घातली आणि अंकुर दिसला, तर तारेच्या फासानं तो तिथंच कापून काढता येतो. रोग शोधायला गेलेलं यंत्र रोग व्हायच्या आधीच त्याचं बी उपटून आणतं. छातीच्या एक्स-रेला किंवा रक्ताच्या तपासणीला हे जमत नाही.

उशिराची किंमतही कळून घ्यावी. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की कॅन्सर आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी दहांतले नऊ जण हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर दहांतले एक-दोन.

मग सगळ्यांचीच दुर्बीण का करत नाहीत? जिथं आजार कमी, तिथं हजारो निरोगी माणसांची आतडी धुऊन पाहणं ना सरकारला परवडेल ना डॉक्टरांना पुरेल. श्रीमंत देशांतही पुष्कळ ठिकाणी आधी शौचाचा छोटा नमुना घेतात. काडीनं नळीत घ्यायचा, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का पाहायचं. त्यात सापडलं तरच दुर्बीण. या चाचणीला फिट म्हणतात. जोखमीच्या नातेवाइकानं दुर्बिणीला साफ नकार दिला तर निदान ही तरी दरवर्षी करावी, असं तज्ज्ञ सांगतात. भारतात सरसकट तपासणी नको म्हटली तरी रुग्णाच्या सख्ख्या नात्यापासून सुरुवात करता येते. त्यांना शोधायला सर्वेक्षण लागत नाही. ते दवाखान्यात स्वतःच्या पायांनी आलेले असतात.

शिवण शिवणारी बाई

हा आजार घराण्यात फिरतो, हे पहिल्यांदा एका डॉक्टरला सांगितलं ते एका बाईनं. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये अल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरला त्याच्याकडं शिवणकाम करणारी बाई म्हणाली, मी लवकर मरणार, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनंच जातात. ती तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. वॉर्थिननं तिच्या घराण्याची वंशावळ काढली आणि १९१३ साली छापली. पुढं हेन्री लिंच यांनी अशाच घराण्यांचा आयुष्यभर माग काढला. म्हणून त्या आनुवंशिक आजाराला लिंच सिंड्रोम हे नाव पडलं. त्यात बिघडलेलं जनुक आई-बापांपैकी एकाकडून मुलाकडं जायची शक्यता नाणेफेकीसारखी असते, निम्मी. मुलगा-मुलगी भेद नाही. अशा घरात तपासणी विशी-पंचविशीतच सुरू करून दर एक-दोन वर्षांनी करावी लागते.

पण अशी घराणी थोडी. आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत दोन-चार. काकांच्या फाईलमध्ये गाठीच्या तुकड्याचा अहवाल सापडला. त्यात जनुकांची दुरुस्ती करणारी चार प्रथिनं शाबूत असल्याचं लिहिलं होतं. म्हणजे लिंचची शक्यता कमी. एवढी बातमी त्या घराला दोन वर्षं ठाऊकच नव्हती. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत. बाकी राहिला तो साधा नियम: चाळीस, आणि मग दर पाच वर्षांनी.

त्या शिवणकामवालीनं डॉक्टरला न विचारता सांगितलं, म्हणून एक दार उघडलं. आपल्याकडं घरात कोण कशानं गेलं हे चुलीपाशी बसून बायकाच नेमकं सांगतात. मळ्यातल्या खाटेवर थोरल्याला आजोबा कशानं गेले ते आठवेना. आत म्हातारी आई म्हणाली, "पोटातच होतं त्याईच्या. खाल्लं की कळ यायची. सुकून सुकून गेले." आजोबांच्या पोटात काय होतं हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण एक पिढी मागची खूण अशी भाकरी थापता थापता मिळाली.

'करू' आणि 'पाहू'

अंजनगाव, दर्यापूर आणि अकोटकडच्या अशा काही घरांत मी बसलो. तपासणी कराल का, हे विचारलं. तोंडावर 'नाही' म्हणणारा क्वचितच भेटला. वऱ्हाडी माणूस पाहुण्याला नाही म्हणत नसतो. त्याच्या होकारात पायऱ्या असतात. 'करू न' म्हणजे विषय संपला. 'पाहू' म्हणजे बायकोला विचारतो. 'पोळा होऊ द्या' म्हणजे मनात आलंय. 'कापूस घरी आला की करतो' म्हणजे खरंच करणार, भाव मिळाला तर.

या शेवटच्या होकाराला हसू नये. दुर्बिणीला खासगीत काही हजार लागतात, वर जाणं-येणं आणि दोन दिवसांची मजुरी. महात्मा फुले जनआरोग्य योजना कॅन्सर झालेल्याचं ऑपरेशन, केमो, शेक यांचा खर्च उचलते. काकांचं त्यातूनच झालं. पण ज्याला काहीच झालेलं नाही, त्याला दवाखान्यात पाय ठेवायला निमित्त देणारं पॅकेज मला कुणी दाखवू शकलं नाही. शेतकरी बियाण्याला आधी पैसे घालतो, पीक नंतर पाहतो. तपासणीचा हिशेब त्याला उलटा वाटतो. पैसे घालायचे आणि काहीच उगवू नये म्हणून हात जोडायचे.

पैशामागं लाज आहे. 'खालून' हा शब्द पुरुष खाली पाहून उच्चारतात. दुर्बिणीच्या आदल्या रात्रीचं दोन लिटर जुलाबाचं पाणी, सात माणसांच्या घरात एकच संडास, ही अडचण कुठल्या माहितीपत्रकात नसते. परदेशातही लाज होतीच. अमेरिकेत केटी कुरिक या वृत्तनिवेदिकेचा नवरा १९९८ साली ४२ व्या वर्षी या कॅन्सरनं गेला. २००० साली तिनं आपली स्वतःची दुर्बीण टीव्हीवर दाखवली आणि देशभर तपासण्या वाढल्या. इथं टीव्हीची गरज नाही. आळीतला एक जण जाऊन आला की पुरे.

आणि भीती? ती मला वाटली त्यापेक्षा कमी दिसली. ज्या घरानं एक माणूस वर्षभर झिजताना पाहिलाय, त्याला भीती शिकवावी लागत नाही. तिला कुठं न्यायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

सोयरिकीची धास्ती

काकांची मुलगी २५ ची आहे, स्थळं येताहेत. तिच्या बापाच्या पोटावरची पिशवी आळीला माहीत आहे, पाहुण्यांना नाही. 'खानदानात कॅन्सर' ही बातमी स्थळ मोडू शकते, म्हणून बहिणीलाही सासरी सगळं सांगितलेलं नव्हतं. अकोटला तिच्या सासूला एवढंच ठाऊक होतं की ईवाई 'पोटाच्या दुखण्यानं' गेले.

बहीण मला माहेरीच भेटली. "जमिनीचा हिस्सा म्या सोडून देल्ला," ती हसत म्हणाली. "याचा बी सोडता येत असंन त सांगा, आत्ताच सही करतो."

सोडता येत नाही. तलाठ्याच्या अर्जात लेकींची नावं लिहायला कायदा लागला. डॉक्टरांच्या वंशावळीत मुलगी पहिल्यापासून आहे, गोल काढून. मुलगा चौकोन, मुलगी गोल, आजारी असेल तर आत काळं. मी वहीच्या पानावर तिच्या घरची वंशावळ काढली. दोन चौकोन काळे. आजोबांच्या चौकोनात प्रश्नचिन्ह. ती बराच वेळ आपल्या रिकाम्या गोलाकडं पाहत राहिली.

"चाळीस म्हणजे मले आत्ताच लागले न?"

आशाताईंचा फॉर्म

सरकारी यंत्रणेतून घराघरांत पोचते ती आशाताई. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी तिच्याकडं एक प्रश्नावली असते. तिला सगळे 'सीबॅक' म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम. मग घरच्या आजारांचा प्रश्न: आई-वडील किंवा भावंडांत कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार? हो म्हटलं तर दोन गुण. एकूण गुण चारच्या वर गेले की माणूस तपासणीसाठी पुढं.

या प्रश्नात कॅन्सर हा शब्द नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात तपासतात ते तीनच कॅन्सर: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. तेच सर्वाधिक आढळतात आणि तपासायला सोपे आहेत, तेव्हा निवड चुकीची नाही. पण आशाताई या घरी येऊन गेल्या, थोरल्याचा घेर मोजून गेल्या, बीपी नाही म्हणून शून्य लिहून गेल्या. बापाचा आजार विचारायला फॉर्ममध्ये ओळ नव्हती.

"एक ओळ वाढवली त मी इचारीन," त्या म्हणाल्या. "लोकं सांगतात. इचारलं त सांगतात."

शेंडगाव

परतताना शेंडगावला थांबलो. अंजनगाव तालुक्यातलं हे गाव, जुन्या पुस्तकांत शेणगाव. २३ फेब्रुवारी १८७६ ला इथं डेबू जन्मला. पुढं त्याचे गाडगेबाबा झाले. वडील झिंगराजी दारूच्या पायी अकाली गेले आणि लेकरू दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलं. बाप कशानं गेला हे त्या लेकरानं लपवलं नाही. जन्मभर गावोगाव दारू सोडा म्हणत फिरलं. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांचा पाऊस असे. समोरच्या माणसाला विचारायचं, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं.

त्यांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या सोबतचे लोक राहतात. आजाऱ्यासोबत आलेल्यालाही पाठ टेकायला जागा लागते, हे या मातीतल्या माणसाला सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी उमगलं होतं. जागा झाली. आता त्या सोबत्याला एक प्रश्न विचारायचा राहिलाय.

पेशंटसोबत कोण आहे?

राखीला बहीण माहेरी येणारच होती. सासरी तेवढंच सांगितलं. राखी बांधली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं पालेभाजी, बियांचे पेरू, कोशिंबीर बंद केली. साधं वरण-भात. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी जुलाबाची पावडर दोन लिटर पाण्यात कालवली. खारट-आंबट, तेलकट चव. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. भावजयीनं संडासाशी कंदील ठेवला, कारण लाईन जायची वेळ होती. रात्री बारापर्यंत धाकटा बाहेर ओट्यावर बसून घड्याळ पाहत पेले मोजत होता. "साखर टाकू का वं?" म्हणून त्यानं दोनदा विचारलं. शेवटी पाणी पिवळसर नितळ झालं. तेच पाहिजे असतं. घाण राहिली तर अंकुर तिच्याआड लपतो.

सकाळी अकोला. थोरला सोबत. मनगटावर राखी, काखेत फाईल. यावेळी ती बहिणीची होती, कोरी. सहीच्या कागदावर धोके लिहिलेले होते. आतडं फाटायचा धोका हजारात एकाहूनही कमी, असं डॉक्टरांनी समजावलं. थोरल्यानं तो कागद दोनदा वाचून सही केली. झोपेचं इंजेक्शन देऊन आत नेलं. मोठं आतडं साधारण पाच फूट. पाऊण तास गेला असेल.

"पेशंटसोबत कोण आहे?"

तो उठला. या हाकेला तो सरावलेला होता. बापाच्या वेळी, मग काकाच्या वेळी. हात आपोआप खिशाकडं गेला. औषधाची चिठ्ठी असेल, नाहीतर बिल.

डॉक्टर बाईंनी सांगितलं की सगळं स्वच्छ आहे, पाच वर्षांनी पुन्हा या. थोरल्यानं मान डोलावली आणि वळला.

"थांबा. तुम्ही सख्खे भाऊ ना?"

"हाव."

"मग बसा इथं. तुमचं वय किती?"

त्यानं फाईल मांडीवर ठेवली आणि उत्तर द्यायच्या आधी एकदा माझ्याकडं पाहिलं. नऊ वर्षांच्या दवाखान्याच्या वाऱ्यांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.